उपचारानंतरची संध्याकाळ

व्यसनातून सोडविलेला किशोर पुन्हा त्याच वातावरणात सोडावयाचा आणि तो घसरला की त्याच्या इच्छाशक्तीस दोष द्यावयाचा, हा आपला जुना शिरस्ता आहे. तिवशासारख्या लहान गावी तर हा अन्याय अधिकच बोचरा ठरतो. तेथे पानठेला चुकवून जावयाचे म्हटले, तरी दुसरी वाट असते कोठे?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, हुंगावयाच्या द्रव्यांचे सेवन प्रौढांपेक्षा १० ते १७ वयोगटात जवळजवळ दुप्पट आढळले. पंक्चर जोडावयाचे सोल्युशन स्वस्त असते आणि त्याच्या खरेदीस कोणी हरकतही घेत नाही. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकास उपचार लाभतो, असेही ती पाहणी सांगते.

व्यसनापायी चोरी करून बाल न्याय मंडळापुढे आलेल्या मुलास २०१५ च्या अधिनियमातील कलम १८ अन्वये व्यसनमुक्ती कार्यक्रमास धाडता येते. विशिष्ट ठिकाणी फिरकण्यास मनाईही करता येते. म्हणजे बंधन मुलावर, ठिकाण मात्र जागच्या जागी! वस्तुतः त्याच अधिनियमाचे कलम ७७ बालकास मद्य, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते. परंतु शिक्षा कितीही कठोर असो, ती होण्याचा संभवच नसेल, तर खर्रा घोटणाऱ्याच्या हिशेबात तिची किंमत शून्य.

आइसलंडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले महिन्याभरात एकदा तरी मद्यधुंद झालेली होती; २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तेथे खेळ व कलामंडळांना सार्वजनिक निधी मिळाला, पालकांनी आपसांत करार केले आणि रात्री मुलांनी बाहेर राहण्यावर निर्बंध आले. तो देश धनाढ्य आणि चिमुकला, हे मान्य. परंतु सायंकाळी मुले कोठे असावीत, हा विचार वऱ्हाडास परका नाही. तिवसा तालुक्यातीलच मोझरी येथे तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि सामुदायिक प्रार्थनेच्या रूपाने गावोगावच्या संध्याकाळीस वळण लावले. आज त्या वेळी वाचनालयात दिवा आणि मैदानावर एखादा शिक्षक ठेवावयाचा, तर खर्च किती? उपचार घेऊन परतलेल्या मुलाच्या घरी महिन्यातून दोनदा समुपदेशक धाडण्यास किती? नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात या दोन बाबी निदान लिहून तरी पाहाव्यात.