लकव्यावर चुंबक : आधी हाताला माणूस द्या

लकव्याने लुळा पडलेला हात चुंबकाने हलू लागतो, अशी एक चित्रफीत सध्या वस्त्यावस्त्यांतील मोबाइलवर फिरते आहे. भीमनगर-भावसिंगपुऱ्यात रक्तदाब तपासायला बसलो काय आणि मुकुंदवाडीत बसलो काय, कोणीतरी ती उघडून विचारतेच, "सिस्टर, हे खरं आहे का? आणि कितीला पडतं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'थोडे खरे आहे' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्याआधी बरेच बोलावे लागते, म्हणून या वेळचे आरोग्याचे पान आम्ही त्यालाच दिले आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. प्रदर्शनात विकतात ते चुंबकाचे पट्टे, बांगड्या, गाद्या यांचा या उपचाराशी काडीचाही संबंध नाही. ते घेऊ नका. हे यंत्र वेगळे आहे. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडला की त्याभोवती चुंबकीय क्षेत्र उठते आणि लगेच मावळते. ते वेटोळे डोक्यावर योग्य जागी धरले, तर हे क्षेत्र कवटीच्या आत पोहोचून मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा प्रवाह निर्माण करते. हाताची हालचाल जिथून सुरू होते तिथे ठोका बसला की विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हे करून दाखवले. कापाकापी नाही, भूल नाही. टकटक आवाज येतो, डोक्याला चापटी मारल्यासारखे वाटते. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत 2008 पासून त्याला मान्यता आहे. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील मानसोपचाराच्या दवाखान्यांत ते यंत्र असते, ते मुख्यतः अशाच आजारांसाठी.

मग लकव्याचे काय? मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातून निघालेले बहुतेक तंतू मानेच्या वर उजवीकडे ओलांडतात. त्यामुळे डावीकडचा रक्तपुरवठा तुटला की उजवा हात जातो. मेंदूचे हे दोन अर्धे भाग एरवी एकमेकांना आवरून धरतात. एक जखमी झाला की शाबूत भाग त्याला जास्तच दाबून ठेवतो, असा संशोधकांचा कयास होता. म्हणून शाबूत बाजूला सेकंदाला एक असे संथ ठोके देऊन तिला शांत करायचे, किंवा जखमी बाजूला जलद ठोके देऊन तिला जागे करायचे. कागदावर हे फार पटते, आणि लहान लहान प्रयोगांत काही रुग्णांचे हात सुधारलेही.

पुढे अमेरिकेत 12 केंद्रांवर 199 रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. लकवा होऊन तीन ते बारा महिने झालेली ही माणसे होती. प्रत्येकाच्या मेंदूची एमआरआय प्रतिमा समोर ठेवून वेटोळे नेमके कुठे धरायचे ते ठरवले होते. काहींना खरे ठोके दिले, काहींना नुसते तसे भासवले, आणि आपल्याला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी हात तपासले. खरे ठोके मिळालेल्यांपैकी 67 टक्के लोकांचा हात दखल घेण्याइतका सुधारला होता. खोटे ठोके मिळालेल्यांपैकी 65 टक्के लोकांचा. फरक जवळजवळ नाहीच.

हा आकडा चित्रफितीत कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्टही सांगत नाही. त्या चाचणीत दोन्ही गटांना सहा आठवडे, समोर बसून, हाताचा नेमून दिलेला सराव करून घेतला गेला होता. सुधारणा केवळ त्या सरावाने झाली असे या एका चाचणीवरून ठामपणे म्हणता येणार नाही. पण दोन्हीकडे समान होता तो सराव, हे विसरूनही चालणार नाही.

आता ज्याला 'व्यक्तिगत' उपचार म्हणतात त्याकडे येऊ. ठोका कुठे द्यायचा एवढे ठरवून भागत नाही, कधी द्यायचा हेही पाहावे लागते, असा हा नवा विचार आहे. मेंदूच्या विद्युत लहरी क्षणोक्षणी चढत-उतरत असतात. काही क्षणी मेंदूकडून हाताकडे जाणारी वाट मोकळी असते, काही क्षणी बंद. जर्मनीतील ट्युबिंगेन आणि अमेरिकेतील ऑस्टिन येथील संशोधक डोक्यावर तारा लावून या लहरी टिपतात. एकेका माणसाच्या लहरींची खूण संगणकाला शिकवतात आणि वाट मोकळी असेल नेमक्या त्या क्षणी ठोका सोडतात. जखम प्रत्येकाची वेगळी, उरलेले तंतू वेगळे, तर सगळ्यांना एकच माप का, हा प्रश्न रास्त आहे. आम्हाला तो विचार पटतो. पण हे काम अजून प्रयोगशाळेत, थोड्या लोकांवर चाललेले आहे. 'ठोक्याला स्नायू जास्त जोराने उडाला' आणि 'बाईला स्वतःच्या हाताने भाकरी थापता आली' यांच्यात फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर अजून कापले गेलेले नाही.

आमच्या मते या यंत्राचा खरा उपयोग दुसरीकडेच आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे कॅथी स्टिनिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ठोका तपासणीसाठी वापरला. लकव्यानंतर पहिल्या आठवड्यात, ज्यांचा हात फारच लुळा आहे त्यांच्या मेंदूवर ठोका द्यायचा आणि मनगटाचा स्नायू प्रतिसाद देतो का ते पाहायचे. दिला, तर वरून हात मेलेला दिसला तरी आतली तार जोडलेली आहे, जोर लावून सराव घ्यायला हवा. नाही दिला, तर शाबूत हाताने स्वावलंबी होण्याकडे लवकर वळायला हवे. घरच्यांना आशा किती धरावी हे कोणीतरी खरे सांगणे ही फार मोठी सेवा आहे. आपल्या माणसांना एक तर "देवावर भरोसा ठेवा" सांगतात, नाही तर "गॅरंटी आहे, पैसे भरा" सांगतात.

आणि त्या तपासणीची पहिली पायरी तर बिनयंत्राची, बिनपैशाची आहे. खांद्यातून हात बाजूला उचलता येतो का आणि बोटे उघडता येतात का, एवढेच पाहायचे. नेदरलँड्समध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या 72 तासांत या दोन्ही हालचाली थोड्या तरी करू शकणाऱ्यांपैकी 98 टक्के लोकांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कामाची हालचाल परत येईल, असे दिसले. दोन्ही न जमणाऱ्यांत ही शक्यता 25 टक्के होती. म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले की विचारा, "साहेब, खांदा आणि बोटं तपासली का?" आणि उत्तर कागदावर लिहून मागा.

हे मागणे सोपे आणि पुढचे अवघड. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत सिल्लोड, कन्नड, वैजापूर, पैठणहून रुग्ण येतो, जालना-बीडहूनही येतो. जीव वाचतो. आठ-दहा दिवसांत सुट्टी होते. कागदावर एक ओळ असते: फिजिओथेरपी चालू ठेवा. कुठे? गावात फिजिओ नाही. तालुक्याला असला तर खासगी. एसटीची पायरी रुग्णाला चढता येत नाही, म्हणून रिक्षा किंवा जीप. सोबत एक माणूस, म्हणजे त्याचीही मजुरी बुडाली. दोन आठवडे लोक जातात, मग बंद. सरकारी योजनेत दाखल असतानाच्या उपचाराचे पैसे मिळाले, पण त्यानंतर सहा महिने रोज हात हलवून घेणाऱ्या माणसाचे मानधन त्यात बसल्याचे आम्ही आजवर पाहिलेले नाही.

आणि हा काही मूठभर लोकांचा आजार नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने 86 गावांत दोन वर्षे प्रत्येक मृत्यूची नोंद घेतली. 1599 मृत्यूंपैकी 229 मेंदूच्या झटक्याने झाले होते. मृत्यूचे ते सर्वात मोठे कारण निघाले, आणि त्यातील 87 टक्के माणसे घरीच गेली. 'बीपी म्हणजे बंगल्यातल्यांचा रोग' असे अजूनही म्हणणाऱ्यांनी ही नोंद वाचावी.

मग घरच्यांनाच व्यायाम शिकवला तर? हा मार्ग सगळ्यांना आवडतो, सरकारला तर विशेषच. भारतातील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर हे करून पाहिले गेले आणि 2017 मध्ये निकाल आला. घरच्यांना शिकवलेल्या गटात आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात सहा महिन्यांनी फरक दिसला नाही. दोन्हीकडे जवळपास 47 टक्के रुग्ण मृत्यू पावले किंवा परावलंबी राहिले. याचा अर्थ घरच्यांनी हात लावू नये असा मुळीच नाही. पण सुनेला किंवा मुलीला अर्धा तास शिकवले आणि व्यवस्था मोकळी झाली, असे होत नाही. ती आधीच चार घरची धुणीभांडी करून आलेली असते.

घरी जे जमते ते मात्र नीट जमावे. लुळा हात धरून माणसाला उठवू नका, काखेत हात घालून ओढू नका. खांदा निखळतो आणि मग दुखण्यामुळे तो सरावच करत नाही. झोपताना, बसताना त्या हाताखाली उशी द्या. छताला दोरी-कप्पी बांधून हात वर ओढायला लावतात, ते टाळा. मुठीत चेंडू दाबायला देण्याची पद्धत घरोघरी आहे, पण लकव्याच्या हाताची अडचण बहुधा मूठ मिटण्याची नसते, उघडण्याची असते. पेला धरून सोडणे, रुमालाची घडी उलगडणे, डाळ निवडणे हा सराव जास्त कामाचा. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडत असतील, तर चांगल्या हाताला मोजा घालून ठेवायचा आणि दिवसाचा बहुतेक वेळ दुबळ्या हातालाच काम द्यायचे, अशी एक पद्धत आहे. अमेरिकेत 222 रुग्णांवर ती दोन आठवडे तपासली आणि 2006 मध्ये तिचा फायदा सिद्ध झाला. एक वर्षानंतरही तो टिकला होता. मात्र तोल जाणाऱ्या माणसाला हे एकट्याने करू देऊ नका, आणि सुरुवात फिजिओच्या देखरेखीखालीच करा.

कबुतराचे रक्त चोळणारे अजून आहेत. त्यांना हसणारी शिकलेली मंडळी चकचकीत यंत्रासमोर मात्र हात जोडतात. आमच्या माहितीतील एका कुटुंबाने एका खासगी ठिकाणी ठोक्यांचे पूर्ण पॅकेज आगाऊ घेतले. त्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवले. तिथे हाताचा सराव एकदाही झाला नाही. यंत्र तेच, पण अंगाऱ्यासारखे लावले तर त्याचा अंगाराच होतो.

तरीही कोणी हा उपचार सुचवला तर आधी स्वतःहून सांगा: डोक्यात क्लिप किंवा धातू, कानातले बसवलेले यंत्र, हृदयाचा पेसमेकर, पूर्वी आलेली फिट. यांपैकी काहीही असेल तर हे ठोके धोक्याचे ठरू शकतात. मग विचारा की ठोक्यांबरोबर सराव किती तास, कोण घेणार. समोरचा म्हणाला की हे संशोधन आहे, तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक आणि मराठीतील संमतीपत्र मागा. खऱ्या संशोधनात प्रयोगाच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

आम्ही येत्या महिन्यात जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन देणार आहोत. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात कायम नेमणुकीचा फिजिओथेरपिस्ट, सुट्टीच्या कागदावर त्याचा वार आणि वेळ, आणि लकव्याच्या रुग्णासह सोबतच्या माणसाचा प्रवासखर्च, अशा मागण्या आहेत. चुंबकाचे यंत्र त्यात चौथ्या क्रमांकावर आहे, आणि तेही आधी तपासणीसाठी. ज्यांच्या घरी लकव्याचा रुग्ण आहे त्यांनी सुट्टीच्या कागदाची एक झेरॉक्स विहारात आणून द्यावी. निवेदनाला जोडायची आहे.