दुखणे कोठे, औषध कोठे?

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपल्या खेडोपाडी सर्वांस ठाऊक आहे. घोड्याच्या बाबतीत ती पदोपदी खरी ठरते. घोडा लंगडू लागला की धनी त्याच्या खांद्यास तेल चोळतो. मान झटकू लागला की लगाम आवळतो. आणि अडून राहिला की चाबूक उचलतो. आता टांगे विरळ झाले. तथापि वरातीच्या वा बग्गीच्या घोड्यावर ज्यांचा संसार चालतो अशी कुटुंबे अद्यापि आहेत. त्यांच्याकरिता आम्ही हे चार शब्द लिहीत आहो.

प्रथम दुखरा पाय कोणता ते ठरवावे. घोडा सपाट, कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवावा. पुढील दुखरा पाय जमिनीस टेकताच तो डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना डोके खाली येते. पुष्कळांची येथेच फसगत होते व ते चांगल्या पायास दुखरा समजतात. शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढचे पाय वाहतात आणि त्यांच्या लंगडण्याचे मूळ बहुधा खुरातच सापडते. यास्तव खांद्याकडे वळण्यापूर्वी खूर उचलून साफ करावा. रुतलेला खडा, आत साचलेला पू किंवा नालबंदाच्या हातून चुकीच्या जागी गेलेला खिळा आहे काय, हे पाहावे. दोन्ही खुरांस हात लावून कोणता अधिक ऊन लागतो हेही पडताळावे. एवढ्याने उलगडा न झाल्यास पशुवैद्य पायाचा एकेक भाग खालून वर क्रमाने बधिर करतात. ज्या ठिकाणी लंगडणे थांबते, तेथे दुखण्याचा ठाव लागतो.

परंतु खुराचे दुखणे खुरातच जन्मते असेही नाही. घोड्याने एकाएकी पुष्कळ दाणा खाल्ला तर तो मोठ्या आतड्यात आंबतो. त्यातून उद्भवणाऱ्या विकाराने, खुराची भिंत आतील हाडाशी जखडून ठेवणारे नाजूक पापुद्रे सुजतात. मग घोडा मागे रेलून टाचांवर भार घेतो व पाऊल टाकीत नाही. अशा वेळी त्यास बळेच चालविल्यास ते हाड जागचे सुटून जनावर कायमचे निकामी होण्याचे भय असते. पशुवैद्यास तत्काळ बोलवावे. दुखणे पायात दिसते. मूळ मात्र चंदीच्या तोबऱ्यात असते.

दातांचेही असेच आहे. घोड्याच्या दाढा वर्षास दोनतीन मिलिमीटर वर येतात व चघळण्याने झिजतात. ही झीज सारखी न झाल्यास कडा धारदार होऊन गाल व जीभ सोलतात. अर्धवट चावलेला चारा तोंडातून गळतो, घोडा वाळतो, लगामाशी झगडतो. धनी बिचारा चंदी वाढवितो आणि एका दुखण्यावर दुसऱ्यास आमंत्रण देतो! कानशीने दाढा घासून घेणे हाच त्यावर खरा उपाय.

वेदनाशामक औषध टोचून घोड्यास लगेच जुंपणे हा तर निव्वळ आत्मघात होय. वेदना दबते, इजा वाढतच राहते. एका दिवसाच्या भाड्यापायी कुटुंबाचा पोशिंदाच गमावण्याची पाळी येते.

मुक्या जनावरास आपले दुखणे सांगता येत नाही. म्हणून त्याच्या हट्टास ते सांगण्याचा एक प्रकार समजावे. चाबूक उगारण्यापूर्वी धन्याने त्याचे खूर, तोंड आणि तोबरा या तिहींची तपासणी करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.