रक्ताची पिशवी

१४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांतून रक्तदान शिबिरे होतात. ‘बाटलीभर रक्त दिले’ असे आपण अजून म्हणतो. पण काचेची बाटली केव्हाच गेली, आता असते मऊ प्लॅस्टिकची पिशवी. ती मऊ कशाने, हे आम्हीही कधी विचारले नव्हते.

पीव्हीसी मुळात कडक, नळाच्या पाईपासारखे. ते मऊ करायला डीईएचपी नावाचे तेलकट रसायन मिसळतात. ते प्लॅस्टिकला पक्के धरून राहत नाही, थोडे थोडे रक्तात उतरते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने नर पिलांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडलेली दिसली. मोठ्या माणसाला एखाददुसरी पिशवी लागली तर फारसे भिण्याचे कारण नाही. पण थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा तर जीवच केवढासा!

मग बदलत का नाहीत? गोम अशी की, हेच रसायन तांबड्या पेशी फुटू देत नाही. त्याच्या आणि पोषक द्रावाच्या आधाराने रक्त ४२ दिवस टिकते. डिंच, बीटीएचसी हे पर्याय आहेत. पण पेशी तितक्याच टिकायला हव्यात. युरोपीय संघाने १ जुलै २०३० ची मुदत घातली आहे. त्यानंतर वैद्यकीय साधनांत डीईएचपी वापरायला खास परवानगी लागेल. आपल्या सरकारी रक्तपेढीत नवी पिशवी सर्वांत शेवटी पोहोचू नये, एवढेच आमचे मागणे.

तोवर माता-भगिनींनो, लेकराचे रक्त चुकवू नका. रक्त न मिळण्याचा धोका कितीतरी मोठा आहे.