सत्तेची नामे आणि लपलेला कर्ता

साम्राज्यवादाने व भांडवलशाहीने आपल्या सत्तेचे वर्णन करण्यासाठी जी इंग्रजी घडवली, ती प्रामुख्याने नामांची भाषा आहे. ‘अमुक देशाने तमुक देशावर हुकमत गाजवली’ असे सरळ वाक्य तहनाम्यांत, कायद्यांत वा कंपन्यांच्या अहवालांत क्वचितच सापडते. तेथे आढळतात ते ‘स्फिअर ऑफ इन्फ्लुअन्स’, ‘सुझरेन्टी’, ‘अल्टिमेट सॉव्हरिन्टी’, ‘कंट्रोलिंग इंटरेस्ट’, ‘सिग्निफिकंट इन्फ्लुअन्स’ यांसारखे नामसमूह. कोणाची सत्ता किती, हे तेच मोजून देतात. क्रियापदाला कर्ता लागतो, नामाला तो लागत नाही. आणि व्याकरणाच्या या सोयीचा सत्ताधारी वर्गांनी पुरेपूर लाभ उठवला आहे.

हा प्रश्न एकट्या भाषांतरकाराचा नव्हे. ठराव, कायद्यांची कलमे, कामगार करारांचे मसुदे इंग्रजीतून मराठीत येतात आणि नागपूर, इंदूर, हैदराबाद वा बेळगाव येथील कार्यकर्ता त्या मराठीच्या आधारेच लोकांपुढे बोलतो. मूळ नामसमूहात जे दडवले असेल ते भाषांतरातही दडून राहिले, तर त्याचे बोलणेही मोघमच होणार.

‘प्रभावक्षेत्र’ हा शब्दच पाहावा. ३१ ऑगस्ट १९०७ रोजी ब्रिटन आणि झारशाही रशिया यांनी आपसांत करार करून इराणचा उत्तर भाग रशियाच्या, तर आग्नेय भाग ब्रिटनच्या वाट्याला दिला व मधला पट्टा तटस्थ ठेवला. इराणला कोणी विचारले नाही. उलट, कराराच्या प्रारंभी इराणचे स्वातंत्र्य व अखंडता यांचा आदर करण्याचे वचन आहे! राजनीतीच्या भाषेत या वाट्यांना ‘प्रभावक्षेत्रे’ असे सौम्य नाव मिळाले. परंतु कराराची कलमे वाचली की ‘प्रभाव’ म्हणजे काय ते उलगडते: रेल्वे, बँका, तारायंत्रे, रस्ते, वाहतूक आणि विमा यांच्या सवलती एकमेकांच्या भागात मागायच्या नाहीत, असे दोन्ही सत्तांनी ठरवले होते.

शाळेत प्रत्येकाने समासाचा विग्रह केलेला असतो. ‘प्रभावक्षेत्र’ म्हणजे प्रभावाचे क्षेत्र. व्याकरण येथे थांबते. कोणाचा प्रभाव, कोणावर, कशाच्या बळावर, या प्रश्नांना समासात उत्तर नाही. संस्कृतप्रचुर मराठी या बाबतीत इंग्रजीहून फारशी निर्दोष नाही, हेही मान्य केले पाहिजे.

बोलीतील मराठी मात्र पुष्कळदा अधिक प्रामाणिक असते. डलहौसीने १८४८ साली सातारचे राज्य घेतले, तेव्हा इंग्रजी सिद्धांताचे नाव होते ‘डॉक्ट्रिन ऑफ लॅप्स’. जणू काही राज्याचा हक्क आपोआप गळून पडला. कोणी काही केलेच नाही! मराठी माणसाने त्याला ‘राज्य खालसा केले’ असे म्हटले. क्रियापद सकर्मक आहे, आणि कर्ता कंपनी सरकार आहे.

हाच ‘लॅप्स’ शब्द १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमात पुन्हा अवतरला. संस्थानांवरील ब्रिटिश राजाची ‘सुझरेन्टी’ लोप पावते, असे ते कलम सांगते. ती भारताच्या नव्या सरकारकडे सोपवली जाते, असे ते सांगत नाही. या एका शब्दाच्या फटीतून निजामाने स्वतंत्र राहण्याचा दावा पुढे केला आणि मराठवाडा, तेलंगण व कर्नाटकातील जनतेला सप्टेंबर १९४८ पर्यंत लढावे लागले.

विशेषणाची करामत

नामसमूहातील विशेषण अनेकदा नामापेक्षाही अधिक काम करते. वऱ्हाडचे उदाहरण बोलके आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. पुढे नोव्हेंबर १९०२ मध्ये कर्झनच्या राजवटीत, वर्षाला २५ लाख रुपये देऊन तो प्रांत ‘कायमच्या भाडेपट्ट्याने’ इंग्रजांनी आपल्याकडे ठेवला. वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व त्याच दस्तऐवजात मान्य करण्यात आले. सार्वभौमत्व एकाचे, आणि महसूल, पोलीस व न्यायालये दुसऱ्याच्या हाती! ‘कायमचा’ या विशेषणाने ‘भाडेपट्टा’ या नामाचा अर्थच नाहीसा केला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९०३ मध्ये, अमेरिकेने क्युबाकडून ग्वांतानामोचा भाडेपट्टा मिळवला. त्याच्या भाषेत क्युबाकडे ‘अल्टिमेट सॉव्हरिन्टी’, म्हणजे अंतिम सार्वभौमत्व राहिले आणि अमेरिकेकडे ‘कम्प्लीट ज्युरिस्डिक्शन अँड कंट्रोल’, म्हणजे संपूर्ण अधिकार व नियंत्रण गेले. ‘अंतिम’ हे विशेषण कानाला भारदस्त वाटते; प्रत्यक्षात ते सार्वभौमत्वाला इतके दूर ढकलते की त्याचा आज काही उपयोग उरत नाही. १९३४ च्या तहानुसार हा पट्टा उभयपक्षी संमतीने अथवा अमेरिकेने तळ सोडला तरच संपतो. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबाने भाड्याचा पहिला धनादेश तेवढा वटवला, नंतरचे वटवले नाहीत. तळ आजही तेथेच आहे.

टक्केवारीचे राज्य

वसाहती गेल्या, तरी हे व्याकरण गेले नाही. ते कंपनी कायद्यात स्थिरावले. कंपनीच्या कारभारावर पकड ठेवण्यास सुमारे ४० टक्के भाग पुरतात, कारण उरलेले भागधारक लहान व विखुरलेले असतात, हे लेनिनने १९१६ मध्ये साम्राज्यवादावरील आपल्या ग्रंथात नोंदवले होते. भारताच्या १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांचा भाग सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. अनेक कंपन्यांनी भाग विकले, कागदावर त्या ‘भारतीय’ झाल्या आणि सूत्रे मात्र पूर्वीच्याच हाती राहिली. आकडा बदलला होता, संबंध बदलला नव्हता.

आजचा २०१३ चा कंपनी कायदा सत्तेच्या पायऱ्याच मांडतो. निम्म्याहून अधिक मताधिकार असेल, किंवा संचालक मंडळाची घडण हाती असेल, तर ती ‘उपकंपनी’. किमान २० टक्के मताधिकार असेल, तर ‘सिग्निफिकंट इन्फ्लुअन्स’, म्हणजे लक्षणीय प्रभाव. या पायऱ्या निरुपयोगी नाहीत. पण त्यांच्या शब्दांवर किती काही अवलंबून असते, हे व्होडाफोनच्या खटल्याने दाखवले. २००७ साली या कंपनीने केमन बेटांतील एका कंपनीचा एकच शेअर विकत घेतला आणि त्यायोगे भारतातील हचिसन एस्सार या मोबाइल कंपनीतील सुमारे ६७ टक्के हितसंबंध तिच्याकडे आला. ‘कंट्रोलिंग इंटरेस्ट’ भारतातील आहे, म्हणून करही भारतात द्यावा, असे कर खात्याचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते मानले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ते फेटाळले: नियंत्रक हितसंबंध ही स्वतंत्र मालमत्ता नव्हे, तर शेअरच्या मालकीला चिकटलेला गुण आहे, असा निर्वाळा दिला. सुमारे ११ हजार कोटी रुपयांची करमागणी या एका नामसमूहाच्या अर्थावर पडली. त्याच वर्षी पूर्वलक्षी दुरुस्तीने अर्थ फिरवण्यात आला आणि २०२१ मध्ये ती दुरुस्तीही गुंडाळण्यात आली. धंदा चालवताना जे नियंत्रण पूर्ण खरे असते, ते कराच्या वेळी वस्तू म्हणून अस्तित्वातच नसते!

कामगारांच्या हाती तेच शस्त्र

तथापि याच शब्दाने कामगारांना न्यायही मिळवून दिला आहे. सौराष्ट्रातील मिठागरांत राबणारे अगरिया हे ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहेत, असा दावा ध्रांगध्रा केमिकल वर्क्सने केला होता. काम काय करायचे याबरोबरच ते कसे करायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, अशी कसोटी १९५० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने लावली आणि अगरियांना कामगार ठरवले. ‘स्वतंत्र कंत्राटदार’ या नामाची जागा एका क्रियापदाने घेतली: मालक ठरवतो.

आज घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या तरुणाला ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हणतात, आणि २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता ‘गिग कामगारा’ची व्याख्या पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचा अशी करते. ‘भागीदार’ हे भाषांतर शब्दशः बरोबर आहे आणि तरीही दिशाभूल करणारे आहे. दर कोण ठरवतो? ऑर्डर कोण देतो? खाते कोण बंद करतो? भागीदाराला नफ्यात वाटा असतो. या तरुणाला फक्त फेरीमागे पैसे मिळतात.

याचा अर्थ असा नव्हे, की प्रत्येक नामसमूहाच्या जागी ‘गुलामगिरी’ वा ‘कब्जा’ हा शब्द ठोकून द्यावा. ही चूकही चळवळीत कमी झालेली नाही. वसाहत, अर्धवसाहत आणि राजकीयदृष्ट्या स्वतंत्र पण वित्तदृष्ट्या परावलंबी देश, यांतील भेद लेनिनने काटेकोरपणे जपला होता, कारण प्रत्येकातील लढ्याचे डावपेच वेगळे असतात. २० टक्क्यांचा प्रभाव आणि ५१ टक्क्यांची सत्ता यांना एकच नाव देणारी घोषणा सभेत टाळ्या मिळवते, पण वाटाघाटीच्या टेबलावर निरुत्तर होते.

तेव्हा असा शब्द समोर आला की भाषांतरकाराने आणि कार्यकर्त्याने त्याचे वाक्य करून पाहावे. कोण, कोणावर, कशाच्या बळावर, किती प्रमाणात. आणि ही सत्ता काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वऱ्हाडच्या व ग्वांतानामोच्या पट्ट्यांत ‘सार्वभौम’ म्हटलेल्याला तो अधिकार नव्हता. त्या एका गोष्टीवरून सार्वभौम कोण होते, हे कळते.