पैसा आहे, पायवाट नाही

१ मे २०२० रोजी महाराष्ट्र राज्याला साठ वर्षे पूर्ण झाली. टाळेबंदीमुळे त्याचा सोहळा झाला नाही, आणि त्याच दिवशी दिल्लीत घडलेल्या एका प्रशासकीय बदलाकडेही फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या अखत्यारीतील 'कपार्ट' ही परिषद त्या दिवसापासून हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्थेत विलीन झाली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या कपार्टचे मुख्य काम ग्रामीण भागातील स्वयंसेवी संस्थांना थेट अनुदान देण्याचे आणि ते नीट वापरण्याइतके त्यांना सक्षम करण्याचे होते.

कपार्टसाठी अश्रू ढाळावेत असे तिचे कर्तृत्व निष्कलंक नव्हते. मंजुरीतील दिरंगाई, कागदावरच्या संस्था, मध्यस्थांचा वावर या तक्रारी जुन्याच होत्या. शेकडो संस्थांना तिने स्वतःच काळ्या यादीत टाकले होते. तरीही मुंबई-पुण्यात कोणाचीही ओळख नसलेल्या, तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या मंडळींना थेट अर्ज करता येईल असे ते एक दार होते. ते बंद झाल्यानंतर त्याची जागा कशाने घेतली, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर समाधानकारक नाही.

पैसा आटला आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने ठराविक आकारावरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले आणि २०२२-२३ या वर्षात देशभरातील हा खर्च तीस हजार कोटी रुपयांच्या घरात गेला. त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्व राज्यांत मोठा असतो. परंतु कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. कारखाने चाकण, रांजणगाव, तळोजा येथे आणि मुख्य कार्यालये मुंबईत असल्यावर पैशाचा ओघ कोणत्या दिशेने वाहील हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. नंदुरबार, वाशीम, धाराशिव आणि गडचिरोली या केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकी गडचिरोलीत अलीकडे खाणउद्योग आला, हा अपवाद वगळला तर मोठ्या कंपनीचा 'परिसर' म्हणावे असे तेथे आहेच किती?

दुसरी अडचण पात्रतेची. कंपनीचा निधी घ्यायचा तर संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, प्राप्तिकर खात्याकडील नोंदणी हवी आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' हा अर्ज भरून मिळवलेला क्रमांकही हवा. सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या 'दर्पण' संकेतस्थळावरील नोंद वेगळीच. शिवाय महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज आला, आणि तो प्रलंबित असेल तर बँकेपासून देणगीदारापर्यंत सर्वांच्या शंका आल्या. यातील एकेक अट पाहिली तर रास्तच आहे; सार्वजनिक पैशाचा हिशेब मागू नये, असे कोण म्हणेल? पण तीन वर्षांचा अनुभव मागणाऱ्यांनी त्या पहिल्या तीन वर्षांचा खर्च कोणी उचलायचा, याचा विचार केलेला दिसत नाही.

एके काळी हा खर्च मधली फळी उचलत असे. शहरातील मोठी, लेखापरीक्षण चोख असलेली संस्था देशी वा परदेशी निधी मिळवी आणि त्यातून पाच-दहा लहान ग्रामीण गटांना थोडी थोडी रक्कम देई. हिशेब मोठ्या संस्थेने सांभाळायचा, काम लहानांनी करायचे. गेल्या काही वर्षांतील कायद्यांनी नेमकी हीच फळी मोडून काढली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी नियमन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास संपूर्ण मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच रक्कम करमाफीसाठी 'खर्च' म्हणून धरायची, असा नियम केला. दोन वेगवेगळ्या कायद्यांचा रोख एकाच दिशेला असेल, तर तो योगायोग मानता येत नाही. पैशाचा माग लागावा हा सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की, मोठ्या संस्थेला आता लहान संस्थेस उभे करण्यापेक्षा त्या तालुक्यात स्वतःची शाखा उघडणे आणि तेथील कार्यकर्त्याला पगारावर घेणे अधिक सोपे झाले. प्रकल्प संपला की शाखा बंद होते. कार्यकर्ता तेथेच राहतो. त्याची संस्था मात्र तोवर विस्कटलेली असते.

(संशयाला महाराष्ट्रात जागा आहे, हेही मान्य केले पाहिजे. 'संस्था' या शब्दाचे जे आपल्याकडील शिक्षणसम्राटांनी करून ठेवले आहे, त्याची किंमत खऱ्या संस्था मोजत आहेत.)

प्रशिक्षणाची स्थिती याहून विचित्र आहे. पुण्यात वा मुंबईत दोन दिवसांची प्रस्तावलेखनाची कार्यशाळा भरते. भाषा निम्मी इंग्रजी, आणि सगळा भर देणगीदाराला काय आवडते यावर. किनवट किंवा मोखाड्याच्या कार्यकर्त्याला वस्तुतः हवे असते ते रोजकीर्द कशी लिहावी, सभेचे इतिवृत्त कसे ठेवावे, बदल अर्ज वेळेत कसा दाखल करावा, कामाची नोंद पुढे पुरावा ठरेल अशी कशी करावी, यांचे शिक्षण. तेही त्याच्या भाषेत आणि त्याच्या तालुक्यात. आणि शिकून परतल्यावर ते वापरायला हाती थोडे पैसे. निधीविना प्रशिक्षण म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणे शिकवणे होय.

येथे नियमांतील एका लहान बदलाची नोंद घेतली पाहिजे. सामाजिक दायित्वाच्या २०१४ च्या नियमांत कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांची तसेच काम करणाऱ्या संस्थांची क्षमता वाढविण्यासाठी, प्रशासकीय खर्चासह एकूण ५ टक्क्यांच्या मर्यादेत, खर्च करता येईल, अशी स्पष्ट तरतूद होती. जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांत क्षमतावाढीचा उल्लेख राहिला तो केवळ कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरता. संस्थांचा उल्लेख गळला. प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादाही खरे तर कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, संस्थेच्या नव्हे. पण नियम मंत्रालयातून कंपनीच्या लेखा विभागामार्गे गावापर्यंत उतरतो, तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा 'लेखनिकाचा पगार मिळणार नाही' असा झालेला असतो. शाळेला संगणक मिळतात, हिशेब लिहिणारा माणूस मिळत नाही.

निधी आणि प्रशिक्षण एकत्र बांधण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा आहे, असे नाही. नव्वदच्या दशकात सुरू झालेला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम हे त्याचे ठळक उदाहरण. स्विस जेसुइट धर्मगुरू हर्मन बाखर हे त्यामागील प्रेरक. पैसा जर्मनीचा, व्यवस्थापन नाबार्डचे, आणि संस्थांच्या तयारीचे काम १९९३ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) स्थापन झालेल्या 'वॉटर' या संस्थेचे. अनुभव नसलेल्या संस्थेला तेथे दारातून परत पाठवले जात नसे. तिला आधी एक लहान टापू देत. ग्रामसभेने निवडलेली पाणलोट समिती, चराईबंदी व कुऱ्हाडबंदीचा ठराव, गावकऱ्यांचे श्रमदान, मोजमाप, मजुरीची नोंद हे सारे संस्थेने आणि गावाने त्या टापूवर करून दाखवायचे. मदतीला तंत्रज्ञ असत, चुका होत आणि त्या मर्यादित रकमेवर होत. हा टप्पा ओलांडला की मोठ्या कामाचा निधी खुला होई. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी गावे याच वाटेने गेली. या अनुभवानंतर १९९९-२००० मध्ये नाबार्डकडे २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभा राहिला. अर्थात पाण्याचे काम मोजता येते. दारूमुक्ती वा आदिवासींच्या वनहक्कांचे काम तसे मोजता येत नाही, ही मर्यादा आहेच. पण अनुभवाचा पुरावा मागण्याऐवजी अनुभव घेण्याची संधीच अटींत बसवता येते, हे त्या कार्यक्रमाने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण सर्वस्वी मराठी आहे. कार्यकर्त्याच्या चुलीची सोय कोणत्याच अनुदानात नसते, हे ओळखून डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर आदींनी ऐंशीच्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. नामवंत कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगावी केले आणि त्या पैशातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्यात येऊ लागले. प्रस्ताव नाही, प्रकल्प नाही. माणूस पाहून मदत. आज इतक्या साधेपणाने कोणी निधी देऊ लागला तर त्याचा सनदी लेखापालच त्याला अडवील!

सामाजिक शेअर बाजाराचा अलीकडे बराच गाजावाजा झाला. त्यात किमान उभारणीची मर्यादा १ कोटीवरून ५० लाखांवर आणण्यात आली. ज्या गटाचे वर्षाचे अंदाजपत्रक चार-पाच लाखांचे आहे त्याला याचा उपयोग नाही, एवढे सांगून पुढे जावे. त्यापेक्षा २०२५ च्या वित्त कायद्याने ५ कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांच्या प्राप्तिकर नोंदणीची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे केली, ही सवलत अधिक उपयोगाची आहे. लहान संस्थांवरील ओझे सरकारच्या ध्यानात येऊ शकते, याची ती खूण.

मग मागणी नेमकी काय करायची? दायित्वाच्या नियमांत संस्थांच्या क्षमतावाढीची २०१४ ची तरतूद परत यावी, आणि त्या रकमेतून तालुक्यातील नव्या गटांना वर्षाला दोन-तीन लाखांपर्यंत, मार्गदर्शक संस्थेच्या हमीवर, निधी देण्याची मुभा असावी. कंपन्यांसाठी हा खर्च किरकोळ आहे. धर्मादाय कार्यालयाने जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून दोनदा बदल अर्ज आणि हिशेबपत्रके भरून घेण्याची शिबिरे घ्यावीत. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र आहे, पुण्यात 'अफार्म'सारखा स्वयंसेवी संस्थांचा महासंघ आहे, 'यशदा' आहे. शिकविणाऱ्यांची वाण नाही. त्यांना किनवटपर्यंत नेण्याचा प्रवासखर्च आज कोणत्याही कंपनीच्या मंजूर तक्त्यात बसत नाही.