‘शाळा सोडली’ की ‘शाळा सुटली’?

गुणात्मक संशोधनात मुलाखतीला मानाचे स्थान आहे. मुलाखतीतील वाक्यांना मात्र ते मिळत नाही. उत्तरातील ‘आशय’ काढून घ्यायचा आणि वाक्यरचना टाकून द्यायची, ही रूढ पद्धत मला घातक वाटते. माणसाने एखादी गोष्ट का केली, याचा सर्वांत बोलका पुरावा पुष्कळदा क्रियापदातच असतो.

अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचे उदाहरण घ्या. (या पुस्तिकेच्या अनेक वाचकांना ते परके वाटणार नाही.) ‘मी शाळा सोडली’, ‘मला शाळा सोडावी लागली’ आणि ‘माझी शाळा सुटली’ ही तिन्ही उत्तरे तक्त्यात ‘गळती’ या एकाच रकान्यात जातात. पहिल्या वाक्यात सोडणारी व्यक्ती कर्ता आहे. दुसऱ्यात ती ‘मला’ या चतुर्थीच्या रूपात गेली आहे. ‘लागणे’ या क्रियापदाने सक्ती सांगितली, सक्ती करणारा मात्र अनुच्चारित राहिला. तिसऱ्यात ‘सुटणे’ हे अकर्मक क्रियापद येते आणि कर्तेपद चक्क शाळेकडे जाते. बोलणारी स्त्री उरते ती केवळ ‘माझी’ या शब्दापुरती. परीक्षेसाठी पाठ केलेले कर्ता, कर्म आणि विभक्ती येथे खऱ्या अर्थाने कामाला येतात.

यावरून ‘ती हतबल होती’ असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र नको. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९४० साली असे प्रतिपादन केले की, माणूस जो हेतू सांगतो तो त्याच्या अंतर्मनाचे चित्र नसून, विशिष्ट प्रसंगी ऐकणाऱ्याला मान्य होईल असे उत्तर असते. वडिलांवर बोल येऊ नये म्हणूनही एखादी मुलगी ‘सुटली’ म्हणेल. सासूसमोर एक आणि मैत्रिणीजवळ दुसरे क्रियापद येईल. म्हणून उत्तराच्या वेळी तेथे कोण बसले होते, हेही नोंदवले पाहिजे.

प्रश्नकर्त्याचे क्रियापदही तितकेच तपासावे. ‘तुम्ही शाळा का सोडली?’ या प्रश्नाने सोडण्याचे कर्तृत्व आधीच समोरच्याच्या माथी मारलेले असते. ‘सातवीनंतर काय झाले?’ असे विचारल्यास उत्तर देणारी व्यक्ती आपले क्रियापद स्वतः निवडते. पुढे शब्दांकनात बोली ‘शुद्ध’ करण्याच्या उत्साहात ‘साळा सुटली माजी’ याचे ‘मी शाळा सोडली’ झाले, तर बदलते ते केवळ उच्चारण नव्हे. शाळा कोणी सोडली, हे उत्तरच बदलते.