पगाराच्या हिशेबात झोपही धरा

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कॅम्पस इंटरव्ह्यू सुरू झाले की घराघरांत एकच प्रश्न असतो : पॅकेज किती? मुलगा किंवा मुलगी मोठ्या आयटी कंपनीत लागली की पेढे वाटले जातात, आणि त्यात गैर काहीच नाही. ठरलेल्या तारखेला जमा होणारा पगार, भविष्य निर्वाह निधी, गटविमा, सुरुवातीचे पगारी प्रशिक्षण हे सगळे लहान कंपनीत मिळेलच असे नाही. एक प्रकल्प संपला, तरी काही काळ ‘बेंच’वर राहून दुसरा मिळवता येतो. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पगारदार झाले, तिथे या स्थैर्याचे मोल मोठे असते.

पण या हिशेबात एक रकाना कोराच राहतो, तो म्हणजे कामाच्या वेळेचा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ११ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. ग्राहक अमेरिकेतला असेल, तर त्याच्या सोयीचा कॉल आपल्या जेवणाच्या किंवा झोपेच्या वेळेवर येतो. शिवाय सकाळचे ऑफिस चुकत नाही. हिंजवडीत नोकरी आणि नाशिकला घर असेल, तर शनिवार-रविवारची उरलीसुरली झोपही सिन्नर-संगमनेरच्या रस्त्यावर खर्ची पडते.

शरीराला हे सहज पचत नाही. झोप, भूक, रक्तदाब आणि संप्रेरके यांचे वेळापत्रक शरीरातील जैविक घड्याळ सांभाळते. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. अधूनमधून रात्री उशिरा आलेल्या कॉलने कोणी आजारी पडत नाही. पण ‘अधूनमधून’चे ‘रोज’ कधी झाले, हे बऱ्याचदा लक्षातही येत नाही.

मोठ्या कंपनीत सगळ्यांचीच अशी अवस्था असते असे मुळीच नाही. एकाच इमारतीत एक गट सहाला घरी निघतो आणि दुसरा रात्री बारापर्यंत अडकतो. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा प्रकल्पाचे घड्याळ महत्त्वाचे. रुजू होताना किंवा प्रकल्प बदलताना काही प्रश्न विचारायलाच हवेत : ग्राहक कोणत्या देशातला? पाळी किती दिवसांनी बदलते? रात्री काम झाले तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा आहे का?

मात्र सगळा भार नव्याने लागलेल्या तरुणांवर टाकणेही बरोबर नाही. बावीस वर्षांची मुलगी व्यवस्थापकाला ‘नाही’ म्हणायला कचरणारच. रात्रीचा कॉल कामाच्या तासांत मोजणे आणि त्याबदल्यात सकाळी सवलत देणे, हे कंपनीनेच नियम म्हणून ठरवले पाहिजे. ग्राहकाला बिल लावताना एकेक तास मोजणाऱ्या कंपन्यांना हे हिशेब अवघड नाहीत.

आईवडिलांनीही फोनवर ‘पगारवाढ झाली का?’ याच्या आधी ‘काल किती वाजता झोपलास?’ असे विचारावे. गटविमा रुग्णालयाचे बिल भरेल, गेलेली झोप मात्र भरून देणार नाही.